चार्ल्स हगिन्स : प्रोस्टेटचे कोडे सोडवणारा सर्जन

बेंबळीला आमचे थोरले चुलते राहतात. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. वय ७२. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, लघवीची धार बारीक झाली आहे, उभे राहून वाट पाहावी लागते, हे त्यांनी दीड वर्ष कुणालाच सांगितले नाही. गेल्या हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळी आणून घेतली आणि त्या रात्री लघवी पूर्ण बंद पडली. ओटीपोट दगडासारखे झाले. पहाटे गाडी करून धाराशिवला नेले, नळी घातली तेव्हा कुठे जीव जाग्यावर आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी चालू औषधे विचारली, तेव्हा आबांच्या कापडी पिशवीतून चार डबे निघाले. एकात कुठल्याशा अमेरिकन पामच्या फळांचा अर्क, दुसऱ्यात झिंक, तिसऱ्यात ई जीवनसत्त्व. चौथा डबा सगळ्यांत शेवटी आणि जरा लाजतच बाहेर आला. ती ‘मर्दानी ताकदी’ची गोळी होती. तिच्यात नेमके काय आहे हे डब्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. डॉक्टर पहिल्या तीन डब्यांवर फारसे बोलले नाहीत. चौथा मात्र त्यांनी हातात धरून ठेवला. अशा गोळ्यांत कधी कधी पुरुषी संप्रेरक मिसळलेले असते आणि प्रोस्टेट ही ग्रंथी त्याच संप्रेरकावर जगते, एवढेच त्यांनी समजावले.

ओपीडीच्या गर्दीत सांगितलेली ही गोष्ट कुणीतरी आधी सिद्ध करून दाखवावी लागली होती. ज्याने ती सिद्ध केली, त्याने डॉक्टर झाल्यावर सुरुवातीला मूत्रविकारांचे शिक्षणच घेतलेले नव्हते. चार्ल्स ब्रेन्टन हगिन्स त्याचे नाव.

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स या बंदराच्या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. मुलगा हुशार आणि घाईचा. १९ व्या वर्षी अकेडिया विद्यापीठातून पदवी, २३ व्या वर्षी हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी. पुढे मिशिगनमध्ये शस्त्रक्रियेचे शिक्षण झाले. तिथेच मार्गारेट वेलमन या परिचारिकेशी ओळख झाली आणि १९२७ मध्ये दोघांनी लग्न केले. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठात नवे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहत होते. सुरुवातीच्या मोजक्या अध्यापकांमध्ये हगिन्स यांची निवड झाली. ती संस्था त्यांनी पुढे जवळपास आयुष्यभर सोडली नाही.

तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत शल्यविभागाचे प्रमुख डॅलस फेमिस्टर यांनी त्यांच्यावर मूत्रशल्याची जबाबदारी टाकली. कारण साधे होते. ते काम करायला दुसरे कुणी नव्हते. हगिन्स यांना त्या विषयाचा अनुभव नव्हता. त्यांनी एक जाडजूड पाठ्यपुस्तक आणले आणि काही आठवड्यांत ते जवळपास पाठ करून टाकले. आपल्याकडे एखाद्या शाळेत गणिताच्या गुरुजींना अचानक इंग्रजीचा तास घ्यायला लावावा, तसा हा प्रकार. पण त्याचा एक फायदा झाला. या शाखेत काय ‘सर्वांना ठाऊक आहे’ हे त्यांना ठाऊक नव्हते.

१९३० च्या सुमारास ते युरोपात गेले. बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग यांचे काम पाहिले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांच्याकडे फॉस्फेटेज या विकरांची मोजणी शिकले. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. सर्जनने रसायनशास्त्र शिकायला जावे, हे त्या काळी थोडे विचित्रच वाटले असेल. दहा वर्षांनी नेमकी हीच मोजणी त्यांच्या कामी आली.

आता या ग्रंथीबद्दल थोडे. प्रोस्टेट फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला चहूबाजूंनी वेढून ती बसलेली असते. तरुणपणी आकार साधारण अक्रोडाएवढा. वीर्यातला काही द्रव तयार करणे हे तिचे काम. चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांत ती हळूहळू वाढू लागते. मधून जाणारी नळी आवळली जाते आणि आबांच्यासारखी लक्षणे सुरू होतात. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण याच ग्रंथीत कर्करोगही होतो, तो बराच काळ काहीच लक्षण दाखवत नाही आणि पसरला की हाडांत, विशेषतः कण्यात आणि कमरेच्या हाडांत जातो.

हा त्रास माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत लघवी अडण्याच्या प्रकारांमध्ये वाताष्ठीलेचा उल्लेख येतो. अष्ठीला म्हणजे गोल गोटा. मार्गात गोट्यासारखे काहीतरी अडून बसले आहे, हे त्या वैद्यांना बोटांना जाणवले असणार. अठराव्या शतकात लंडनचे जॉन हंटर यांनी नोंदवले की खच्ची केलेल्या जनावरांची प्रोस्टेट लहान राहते. खरे तर आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. गोऱ्हा वेळेत बडवला की त्याचे वशिंड वळूसारखे फुगत नाही, मान तशी जाड होत नाही, स्वभावही निवतो. वृषणांतून काहीतरी निघते आणि ते सगळ्या शरीराला घडवते, हे गोठ्यातले ज्ञान होते.

या ज्ञानाचा उपयोग करायचा एक प्रयत्न १८९० च्या दशकात झालाही. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी अमेरिकेत अनेक वृद्धांचे वृषण काढले गेले. कुणाला बरे वाटले, कुणी दगावले. नेमका फरक मोजायला साधनच नसल्याने ती लाट ओसरली. त्यानंतर ग्रंथीच कापून काढण्याचे तंत्र पुढे आले. लंडनमध्ये ते रूढ करणारे पीटर फ्रेयर हे हिंदुस्थानात वीसेक वर्षे लष्करी वैद्यकीय सेवेत काढून, असंख्य मूतखडे फोडून परतलेले सर्जन होते. हगिन्स या क्षेत्रात आले तेव्हा वाढलेल्या ग्रंथीसाठी सुरी होती. पसरलेल्या कर्करोगासाठी मात्र वेदनाशामकांपलीकडे फारसे काही नव्हते.

हगिन्स यांनी सुरुवात रोगापासून केलीच नाही. निरोगी प्रोस्टेट करते काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी कुत्रे निवडले, कारण माणसाप्रमाणे म्हातारपणी प्रोस्टेट वाढणारा जवळचा प्राणी म्हणजे कुत्राच. एक शस्त्रक्रिया करून त्यांनी लघवीचा मार्ग वेगळा काढला, म्हणजे ग्रंथीतला द्रव लघवीत न मिसळता शुद्ध मिळू लागला. मग तो रोज मोजायचा. किती मिलिलिटर आला, त्यात काय काय आहे, महिनोन्‌महिने नोंद ठेवायची. वृषण काढले की द्रव आटायचा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचले की पुन्हा सुरू व्हायचा. स्त्री संप्रेरक दिले की परत थांबायचा. नळ उघडावा आणि बंद करावा, असे ते चित्र होते.

यात एक अडचण येत होती. काही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या प्रोस्टेटमध्ये गाठी निघत आणि सगळी मोजमापे बिघडत. सुरुवातीला हगिन्स वैतागले. मग त्यांच्या लक्षात आले की वृषण काढल्यावर द्रव तर आटतोच, पण या गाठीही आक्रसतात. ज्या कुत्र्यांमुळे प्रयोग फसत होता, त्याच कुत्र्यांचा शोध मग सुरू झाला.

हे साधे वाटते, पण त्या काळची समजूत वेगळी होती. कर्करोगाची पेशी म्हणजे शरीराच्या सगळ्या नियमांतून सुटलेली, कुणाचे न ऐकणारी पेशी, असे मानले जाई. हगिन्स यांच्या कुत्र्यांनी सुचवले की गाठ झाली तरी ती आपल्या मूळ ग्रंथीचे काही गुण टिकवून ठेवते. ज्या संप्रेरकावर ग्रंथी जगते, त्यावर गाठही जगत असेल, तर ते संप्रेरक तोडून पाहायला हवे.

प्रश्न होता माणसांत हे मोजायचे कसे. इथे लंडनला शिकलेली विद्या उपयोगी पडली. न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर आणि एथेल गुटमन यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले होते की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की रक्तात ॲसिड फॉस्फेटेज हे विकर वाढते. हगिन्स यांनी तेच हाताशी धरले. क्लॅरन्स हॉजेस या तरुण सहकाऱ्यासोबत त्यांनी पसरलेला कर्करोग असलेल्या रुग्णांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासले. वृषण काढल्यानंतर किंवा स्त्री संप्रेरक दिल्यानंतर आकडा घसरत गेला. १९४१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

आकड्यापेक्षा माणसांचे जे झाले ते मोठे होते. अंथरुणाला खिळलेली, हाडांच्या वेदनेने तळमळणारी, मॉर्फिनवर दिवस काढणारी ही माणसे. त्यांतल्या कित्येकांचे दुखणे काही दिवसांत उतरले. भूक लागू लागली, वजन वाढले, काही जण उठून चालू लागले. वृषण काढलेल्या पहिल्या २१ रुग्णांपैकी बहुतेकांना आराम पडला आणि चार जण १२ वर्षांहून अधिक जगले. पसरलेल्या कर्करोगात शरीराच्या आतल्याच रसायनाचा तोल बदलून रोग मागे हटवता येतो, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी कुणी दाखवले नव्हते.

पण त्या माणसांना काय सोसावे लागले असेल, तेही लक्षात घ्यायला हवे. आजही आपल्या भागात एखाद्या वृद्धाला या शस्त्रक्रियेबद्दल सांगितले की तो खाली मान घालतो आणि मुले विषय बदलतात. कामेच्छा जाते, अंगातून गरम वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, स्नायू कमी होतात. हगिन्स यांच्या उपायाची किंमत होती आणि ती रुग्णाच्या शरीराने चुकवली. स्त्री संप्रेरकाच्या गोळ्यांनी सुरी टळली, पण पुढे त्यांतून हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दिसून आला.

हगिन्स यांच्या कामाची दुसरी मर्यादाही सांगायला हवी. बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रोग परत यायचा. मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीही थोडे पुरुषी संप्रेरक बनवतात, तेव्हा त्याही काढाव्यात, असा विचार करून १९४० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी तसा प्रयत्न केला. त्या काळी या ग्रंथींची कमतरता भरून काढणारे औषध हाताशी नव्हते, त्यामुळे ते रुग्ण फार दिवस जगले नाहीत. कॉर्टिझोन मिळू लागल्यावर १९५० च्या सुमारास त्यांनी हा मार्ग पुन्हा धरला. थॉमस डाओ यांच्यासोबत स्तनाच्या कर्करोगातही त्याचा उपयोग करून दाखवला. अधिवृक्क ग्रंथींबद्दलचा त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. आज सुरीशिवाय तेच काम करणारे ॲबिराटेरॉन हे औषध २०११ पासून वापरात आहे.

आणि एक बारीक गोष्ट. टेस्टोस्टेरॉन दिले की कर्करोग भडकतो, हे विधान पुढे साठ-सत्तर वर्षे वैद्यकीय पुस्तकांत पक्के बसले. त्याचे मूळ १९४१ च्या त्याच निबंधात आहे. पण अलीकडे काही तज्ज्ञांनी तो निबंध पुन्हा वाचला, तेव्हा दिसले की संप्रेरकाची इंजेक्शने फक्त तीन रुग्णांना दिली होती, निकाल दोघांचे होते आणि त्यांतल्या एकाचे वृषण आधीच काढलेले होते. म्हणजे एवढा मोठा नियम जवळपास एका माणसावर उभा राहिला होता. संप्रेरक तोडले की रोग मागे हटतो, हे पुढे असंख्य रुग्णांत सिद्ध झाले. पण ज्याचे टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्या जास्त त्याला कर्करोग जास्त, असा सरळ हिशेब नाही. पसरलेला कर्करोग असलेल्या माणसाने हे संप्रेरक बाहेरून घेणे मात्र धोक्याचेच. आपल्या शरीरात तो आहे की नाही हे तपासल्याशिवाय ठाऊक नसते, आणि आबांच्या चौथ्या डब्याची भीती डॉक्टरांना वाटली ती यासाठी.

पुढचे आयुष्य तुलनेने सरळ गेले. १९५१ मध्ये अलाबामाचे लाकूड व्यापारी बेन मे यांच्या देणगीतून शिकागोत कर्करोग संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि हगिन्स तिचे संचालक झाले. १९६९ पर्यंत ते त्या पदावर होते. मोठा ताफा बाळगणे त्यांना पटत नसे. प्रयोगशाळा छोटी असावी, संशोधकाने स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत, सभा आणि समित्यांत वेळ घालवू नये, असा त्यांचा खाक्या होता. संचालकपदी असूनही ते रोज उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी दिसत. बाख आणि मोझार्टचे संगीत हा त्यांचा विरंगुळा. त्यांनी बोलावून घेतलेल्या एलवूड जेन्सन यांनी याच ठिकाणी स्त्री संप्रेरक पेशीत कुठे जाऊन चिकटते ते शोधले. स्तनाच्या कर्करोगाच्या प्रत्येक अहवालात आज ‘ईआर पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असे लिहिलेले असते, त्याची सुरुवात तिथली.

नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, मूळ कामानंतर २५ वर्षांनी. ते त्यांनी पेटन राऊस यांच्यासोबत विभागून घेतले. कोंबड्यांतला कर्करोग विषाणूमुळे होतो हे राऊस यांनी १९११ मध्ये दाखवले होते, म्हणजे त्यांना ५५ वर्षे थांबावे लागले. त्यांच्यापुढे हगिन्स नशीबवानच म्हणायचे. पुढे ते आपल्या जुन्या अकेडिया विद्यापीठाचे कुलपती झाले. १९८३ मध्ये मार्गारेट गेल्या. हगिन्स यांनी १२ जानेवारी १९९७ रोजी शिकागोत वयाच्या ९५ व्या वर्षी देह ठेवला.

त्यांच्या हयातीतच शस्त्रक्रियेला पर्याय देणारी इंजेक्शने आली. मेंदूतून वृषणांना जाणारा आदेश रोखून ती तेच काम करतात आणि थांबवता येतात. ॲसिड फॉस्फेटेजची जागा पीएसए या रक्तचाचणीने घेतली. साध्या वाढीसाठी १९९२ मध्ये फिनास्टेराइड हे औषध आले. टेस्टोस्टेरॉनचे ग्रंथीत जे अधिक तीव्र रूप होते, ते बनू न देणे हे त्याचे काम. कुत्र्यांच्या त्या नळाचीच ही सगळी पुढची कहाणी.

आता पिशवीतल्या उरलेल्या तीन डब्यांकडे येऊ. हगिन्स यांनी या विषयात जे आणले ते म्हणजे मोजमाप. उपाय करण्याआधी आकडा काय, नंतर काय, आणि उपाय उलटा केला की आकडा उलटा जातो का. हीच कसोटी पुढच्या संशोधकांनी कॅप्सूलांना लावली.

पहिल्या डब्यात होता सॉ पामेटो या अमेरिकन पामच्या फळांचा अर्क. प्रोस्टेटच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक कॅप्सूलांत तो असतो. अमेरिकेत २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभराची चाचणी झाली. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. फरक पडला नाही. डोस कमी पडला असेल असे म्हणणाऱ्यांसाठी २०११ मध्ये ३६९ पुरुषांवर दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या तिप्पट डोसपर्यंत नेऊन ७२ आठवडे पाहिले. तरीही निष्क्रिय कॅप्सूलपेक्षा अधिक काही हाती लागले नाही. गंमत अशी की निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांनाही थोडे बरे वाटले. हा त्रास मुळात चढ-उताराचा असतो आणि माणूस तो फार वाढला तेव्हाच औषध सुरू करतो, त्यामुळे पुढे काही दिवस बरे जातातच. शेजाऱ्याला गुण आला तो बहुधा असा.

ई जीवनसत्त्वाची गोष्ट अधिक गंभीर आहे. ते आणि सेलेनियम घेतल्याने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहायला २००१ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि प्युर्टो रिको इथे ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर ‘सेलेक्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. फायदा दिसत नाही म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. लोकांवर लक्ष ठेवणे सुरूच राहिले आणि २०११ मध्ये कळले की रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. टाळण्यासाठी घेतलेल्या गोळीनेच तो वाढला होता. शेंगदाणे, करडई, सूर्यफुलाचे तेल यांतून आपल्याला हे जीवनसत्त्व मिळतेच. वेगळी गोळी घ्यायची तर त्याला डॉक्टरांनी सांगितलेले कारण हवे.

झिंकबद्दल नेहमी सांगतात की प्रोस्टेटमध्ये ते भरपूर असते, म्हणून घ्यावे. असते हे खरे. पण गोठ्यात शेण भरपूर असते म्हणून म्हशीला शेण खाऊ घालत नाहीत. अमेरिकेतील सुमारे ४७ हजार पुरुषांच्या पाहणीत रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक झिंक गोळ्यांतून घेणाऱ्यांत पुढे सरकलेल्या कर्करोगाचे प्रमाण जास्त दिसले. ही पाहणी आहे, चाचणी नव्हे, त्यामुळे झिंकनेच तो झाला असे म्हणता येत नाही. पण दोन-तीन वेगवेगळे डबे एकदम घेणारा माणूस नकळत मोठ्या डोसपर्यंत पोचू शकतो.

टोमॅटो, भोपळ्याच्या बिया, सोयाबीन हे अन्न म्हणून खुशाल खावे. गोखरू, वरुण किंवा आणखी कुठला काढा घेत असाल तर तो लपवू नका, डॉक्टरांना आणि वैद्यांना दोघांनाही सांगा. कुठलाही उपाय करताना हगिन्स यांची युक्ती घरी वापरता येते. तीन दिवस वही ठेवायची. किती वाजता उठलो, साधारण किती लघवी झाली, पाणी-चहा किती घेतला. उपाय सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा तीन दिवस लिहायचे. दवाखान्यात असे दोन कागद नेले तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

दिवसाच्या सवयींनीही खूप फरक पडतो. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी आणि चहा कमी करावा, पण दिवसभराचे पाणी तोडू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रानात काम करणाऱ्या माणसाने लघवीच्या भीतीने पाणी तोडले तर मूतखडा आणि उष्माघात दोन्ही गाठतात. लघवी झाल्यावर घाई न करता मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. बद्धकोष्ठता राहू देऊ नये, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. रोज चालावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येईल का हे विचारावे, स्वतः बंद करू नये. आणि रक्तातली साखर एकदा तपासावी. रात्री उठावे लागण्याचे कारण प्रत्येक वेळी प्रोस्टेटच असते असे नाही. मधुमेहही असू शकतो.

लघवीतून रक्त येणे, ताप आणि जळजळ, लघवी पूर्ण अडणे, कंबरेच्या हाडांत सतत दुखणे किंवा कारण नसताना वजन उतरणे, यांपैकी काहीही झाले तर घरी थांबू नये. लघवी वर्षानुवर्षे तुंबत राहिली तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि ते कधी कधी दुखत नाही म्हणून कळतही नाही.

आबांची पीएसए चाचणी डॉक्टरांनी त्या दिवशी केली नाही. नळी घातल्यानंतर किंवा जंतुसंसर्गात तो आकडा उगाच वाढतो, म्हणून काही आठवडे थांबून मग केली. फिनास्टेराइड चालू असेल तर उलटे होते. सहा महिन्यांत आकडा निम्म्यावर येतो, त्यामुळे ही गोळी घेणाऱ्याने रक्त देताना ते सांगायलाच हवे. ग्रंथीभोवतीचे स्नायू सैलावणारी जी गोळी सध्या आबांना सुरू आहे, तिने एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री ते आधी पलंगाच्या कडेला बसतात, मग उठतात. घरात सर्दीची गोळी आली की आता आधी तिचे पाकीट वाचले जाते. नाक मोकळे करणारी काही औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात, ॲलर्जीच्या काही गोळ्या मूत्राशयाचा जोर कमी करतात, आणि त्या रात्री आबांनी घेतलेल्या गोळीत ही दोन्ही होती.